सोप्या साधनाचे मोल

सोप्या साधनाने मिळवलेले फळ हलके ठरते का? प्रश्न अध्यात्माचा, पण गोल्फमध्येही तो जिवंत आहे. पाठीला पोकळी ठेवून कडांकडे वजन वाटलेला क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, चेंडू मधोमध लागला नाही तरी हातात कमी वळतो. सात हजार यार्डांच्या कोर्सवर, जिथे लांब फटके वारंवार मारावे लागतात, तो मोठाच आधार. जुने खेळाडू नाक मुरडतात: असला क्लब चुका झाकतो. खरे तर तो फक्त चुकीची शिक्षा हलकी करतो. फटका मोजला जातोच.

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. गोल्फशी या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सोप्या साधनाच्या त्याच प्रश्नाचा आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या दासीला यज्ञयाग परवडणारे नव्हते, शास्त्राध्ययनाची दारे बंद होती. उरले नाम. एका हाताने जात्याचा खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे घालायचे आणि मुखाने विठ्ठल म्हणायचे. मन भरकटले तरी पुढच्या फेऱ्याला नाम पुन्हा घेता येते. आक्षेप असा, की ओठांवर नाम आणि मनात भलतेच, हे सहज घडते. घडतेच. पण यज्ञातही मंत्र म्हणताना दक्षिणेवर डोळा असू शकतो; तो दोष साधन सोपे असण्याचा नाही. आणि जन्मभराच्या वाटेवर एका चुकीने बाद करणारे साधन फुरसत असलेल्यांनाच परवडते. म्हणून कठीण तेच श्रेष्ठ, हा दावा मला अहंकाराचा वाटतो.