खेळाडूचे वतन कोणते?

माणूस कोणत्या देशाचा, हे कशावरून ठरवावे? तो जेथे जन्मला त्यावरून, जेथे राहून त्याने घाम गाळला त्यावरून, की त्याच्या मनात काय आहे त्यावरून? एरवी हा प्रश्न सरकारी कागदपत्रांत पडून असतो. पण एका देशात जन्मलेला खेळाडू दुसऱ्या देशाकडून खेळू लागला की तो चारचौघांत बोलला जातो.

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर न्यूझीलंडच्या एजाज पटेलने भारताचे दहाच्या दहा गडी एका डावात बाद केले. कसोटीत त्याआधी ही कामगिरी फक्त जिम लेकर (१९५६) आणि अनिल कुंबळे (१९९९) यांनी केली होती. एजाजचा जन्म मुंबईचा. लहानपणी आईवडिलांबरोबर तो न्यूझीलंडला गेला आणि फिरकी गोलंदाज झाला तो तिथेच. सामना भारताने जिंकला, पण आर. अश्विनने भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली जर्सी त्याला भेट दिली. तसाच सौरभ नेत्रावळकर. तोही मुंबईकर, २०१० साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. पुढे शिक्षणासाठी अमेरिकेला गेला, इंजिनिअर झाला आणि जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेकडून खेळताना त्याने विराट कोहली व रोहित शर्मा या दोघांनाही बाद केले. आम्ही महाराष्ट्रीयांनी त्याचे कौतुकच केले, आणि ते योग्यच होते.

क्रिकेटचा नियम याबाबत सरळ आहे. त्या देशातला जन्म, त्या देशाचा पासपोर्ट किंवा सलग तीन वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक अट पुरी झाली पाहिजे. तिन्ही गोष्टी तपासता येतात. 'तुझे या देशावर प्रेम आहे का?' असा रकाना त्यात नाही.

यावर आक्षेप असा की, मग देश म्हणजे बाजार होईल, पैसेवाले खेळाडू विकत घेतील. हा आक्षेप खोटा नाही. केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो २००३ साली कतारचा नागरिक झाला, सैफ सईद शाहीन हे नाव घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत केनियाच्या धावपटूंना हरवून ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने कतारला मिळवून दिले. नाव मुसलमानी झाले म्हणून आम्ही खूश व्हावे, असे यात काही नाही. गरीब देशाने घडवलेला खेळाडू श्रीमंत देशाने उचलावा, यात इन्साफ नाही. पण त्यावरचा उपायही नियमातच होता. मधल्या काळाच्या अटीतून केनियाने सूट दिली नाही, म्हणून २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला शाहीन मुकला. पुढे जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०१७ मध्ये असे देशबदल थांबवले आणि २०१८ मध्ये तीन वर्षे थांबण्याच्या अटीसह नवे नियम केले. सौदा रोखायला मुदत पुरते, त्यासाठी कोणाचे काळीज उघडून पाहावे लागत नाही. नीयत अल्लाह जाणतो. माणसाने निवाडा करायचा तो दिसणाऱ्या गोष्टींवरून.

फाळणीच्या वेळी तर माणसे जागच्या जागी राहिली आणि देश बदलले. १९४६ साली इंग्लंडमध्ये भारताकडून खेळलेले अब्दुल हफीज १९५२ मध्ये कारदार या नावाने पाकिस्तानचे कर्णधार म्हणून दिल्लीच्या कसोटीत उतरले. अमीर इलाही दोन्ही देशांकडून खेळले. गुल मोहम्मद भारताकडून आठ कसोट्या खेळून १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. याच गुल मोहम्मदनी सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्याबरोबर बडोद्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली होती. सरहद्द आखली गेली म्हणून त्या धावा खोट्या ठरल्या नाहीत.

आता आमच्या घरातली गोष्ट. भारत-पाकिस्तान सामना असला की आमच्या मुलांना वर्गात, गल्लीत, नाक्यावर विचारले जाते, 'तू कुणाकडून?' विचारणारा कधी थट्टेत विचारतो, कधी नाही. ज्याने खरोखर देश बदलला, त्याला तीन वर्षांचे वास्तव्य पुरते. ज्याच्या सात पिढ्या याच मातीत दफन झाल्या, त्याच्याकडे मात्र दर सामन्याला वफादारीचा दाखला मागितला जातो. हा दाखला कोणती कचेरी देते, हे कोणी सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की खेळाडूला जो न्याय, तोच प्रेक्षकालाही असावा.

हिजरत ही आमच्या इतिहासातली मोठी घटना. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना मदीनेच्या अन्सारांनी भाऊ मानले. मक्का विसरा, अशी अट त्यांनी घातली नाही. जन्मभूमीची ओढ आणि कर्मभूमीचे इमान एकाच छातीत राहू शकतात, हे तेव्हाच दिसले होते. एजाज किंवा सौरभ यांच्याबाबत वेगळे काय आहे?

आपल्या देशाचा कायदा एका वेळी एकच नागरिकत्व मानतो, आणि २००८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय संघात खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट बंधनकारक केला. हा नियम कडक असावा की सैल, याबद्दल मतभेद राहतील. पण नियम कागदावर असावा, आधीच माहीत असावा आणि सर्वांना सारखा असावा. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी पंजाबच्या पैलवानांना बोलावून आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. परमुलखाच्या मल्लाने चांगला डाव टाकला की येथला प्रेक्षक दाद देत आला आहे. त्या दादेवरून त्याचे कोल्हापूरवरचे प्रेम कोणी मोजले नाही. हीच रीत पुढे चालावी.