घसारा

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्ही 'घसारा' शिकलो. यंत्र झिजतं, तर दरवर्षी कागदावर त्याची किंमत कमी करायची, की झालं! प्रत्यक्षात घसारा दिसतो कसा, ते मात्र आमच्या मिस्त्रीनं दाखवलं. मला वडिलांच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीखाली पाठीवर निजवून.

गाडी विकायची ठरली होती. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. मिस्त्रीनं मागच्या पाट्यांच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो पापडात शिरावा तसा आत गेला.

"म्हणजे पाटे बदलायला लागणार?"

"पाटे ठणठणीत आहेत साहेब. पाटे जिथं धरलेत, ती जागाच गेलीय."

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सगळं ओझं वाहते. मागच्या चाकांचा प्रत्येक दणका पाट्यांमार्फत त्या चार जागांवर येतो. चाळीसएक पावसाळ्यांचा चिखल पोकळीत साठला आणि गंज आतून बाहेर आला. बाहेर दिसेपर्यंत आतला कारभार आटोपलेला! बँकेत अशी खाती मी पाहिली आहेत.

मिस्त्री म्हणाला, "पुट्टी भरून वर डांबर मारतो. रविवारपर्यंत काम फत्ते, कुणाला कळणार नाही. नाहीतर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि जाड प्लेट वेल्ड करायची. कापायच्या आधी मापं घ्यायची, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. दोन आठवडे लागतील."

रात्री झोप येईना. 'घेणाऱ्यानं पाहून घ्यावं' हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. म्हणजे मी गप्प बसलो तर चालेल. पण पुट्टी भरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, लपवणं! आणि जाणूनबुजून लपवण्याला १८७२ चा करार कायदा फसवणूक म्हणतो. पण खरं सांगू? मला कायद्यानं जागं ठेवलं नव्हतं. त्या गृहस्थाला दोन पोरं होती. ती मागच्याच सीटवर बसणार होती.

मी प्लेटा वेल्ड करून घेतल्या. पंधरा दिवसांनी गृहस्थ आले, तेव्हा सगळं सांगितलं. ते गाडीखाली वाकून म्हणाले, "इथं कापलंय? मग नको बुवा!" आणि गेले.

"कशाला सांगायचं साहेब?" मिस्त्री हळहळला. मला उत्तर देता आलं नाही.

गाडी अजून दारात आहे. कागदावर किंमत शून्य. मागच्या सीटवर आई बसते. खड्ड्यात गाडी आदळली, तर मी मान वळवून बघत नाही.