तक्रार लिहिण्याआधी

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून मी बरीच वर्षं बसते आहे. समितीतल्या सगळ्यांचा पगार एकाच तिजोरीतून येऊ नये, वरून दबाव आला तर निदान एकीला तरी नोकरीची भीती नसावी, म्हणून ही जागा ठेवलेली. समितीपुढे येऊन बसलेल्या बाईची मला तितकी काळजी वाटत नाही. जी रात्री जेवणं आटोपल्यावर फोन करते, ‘मॅडम, तक्रार नाही करायची, नुसतं विचारायचं होतं,’ म्हणते आणि पुन्हा फोन करत नाही, तिची वाटते.

तिला घाई करायला सांगणं जिवावर येतं, पण सांगावं लागतं. ९ डिसेंबर २०१३ला लागू झालेल्या, या छळाविरुद्धच्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. वेळेत न येण्याचं कारण पटलं तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. माझ्या मते ही मुदत तोकडी आहे. नव्या मुलीचं प्रोबेशनच सहा महिन्यांचं असतं आणि कन्फर्मेशनच्या कागदावर सही नेमकी त्याच साहेबांची. ती थांबते, यात तिचं काय चुकलं? शिवाय घरी कळलं तर ‘सोडून दे ती नोकरी’ हे ऐकायची तयारी हवी.

एकीचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. गोपनीयतेचं बंधन मलाही आहेच. तिनं आणलेल्या कागदावर एवढंच होतं : ‘सरांचं वागणं बरोबर नाही. मला त्रास होतो. योग्य ती कारवाई व्हावी.’ यावर समितीला काहीच करता येत नाही. कुठे? स्टोअरमध्ये. कधी? बोनसच्या आठवड्यात, दुसरी शिफ्ट सुटताना. कोणी पाहिलं? पॅकिंगची एक मुलगी दारापर्यंत आली आणि मागे फिरली. काय बोलले? इथे ती अडली. मी पेन पुढे सरकवलं. तिनं लिहिलं आणि कागद पालथा घातला. त्यांचे मेसेज मात्र तिनं पुसून टाकले होते, कारण फोन घरात सगळ्यांच्या हातात जातो. पण त्याच रात्री बहिणीला लिहिलेला मेसेज शिल्लक होता, तो आम्ही जोडला. समिती फौजदारी खटला चालवत नाही. कोणतं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं, ते पाहते. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. ‘खोटी निघाली तर तुझ्यावरच उलटेल’ असं तिला ऐकवणाऱ्यांनी ते कलम पुरतं वाचलेलं नसतं. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, आणि लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान, दवाखाना, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईलाही तीच वाट. पोलिसांचा रस्ता वेगळा : भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, पाठलागासाठी ७८. एक धरला म्हणून दुसरा बंद होत नाही, आणि तिला पोलिसांकडे जायचं असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. बहुतेक एचआरवाल्यांना हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत.

ते सांगतात समेटाचं. समेटाची तरतूद आहे, पण तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर कधीच नाही. ‘कशाला वाढवतेस, ते सॉरी म्हणतील’ हा समेट नव्हे.

या समित्या सहजासहजी आलेल्या नाहीत. राजस्थानातल्या भंवरीदेवी बालविवाह रोखायला गेल्या आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आला आणि त्यातून अशा समित्या. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्रावरून चाललेल्या याचिकेमुळे समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरला जाऊ लागला. पूर्वी समितीपुढे बोललेलं सगळं खात्याच्या चौकशीत पुन्हा सांगावं लागे. पण आमच्या उतावीळपणाचीही किंमत मोजावी लागते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकावरची, २००९ मधल्या चौकशीतून झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केली, कारण समितीनं सुनावण्या घाईघाईनं उरकल्या होत्या. प्रकरण पुन्हा चौकशीला परत. मधली चौदा वर्षं गेली. म्हणून समोरच्याला उत्तरासाठी दिलेले दहा कामाचे दिवस मी एकाही दिवसानं कमी होऊ देत नाही, मग तक्रारदार माझ्यावर रागावली तरी चालेल.

चौकशीला नव्वद दिवस असतात. तेवढे दिवस ती त्याच माणसाच्या हाताखाली कशी काढणार? तिनं लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देऊ शकते, तिचं अप्रेजल त्याच्याकडून काढून घेऊ शकते. आणि ही शिफारस मालकाला पाळावी लागते. व्यवहारात हलवतात ते तिलाच, वर ‘तुमच्याच सोयीसाठी’ म्हणतात. बस बदलते, डबा खायला बरोबर बसणाऱ्या बदलतात, आणि नव्या खात्यात ती ‘तक्रारवाली’ म्हणूनच पोचते. स्टोअरच्या प्रकरणातही मॅनेजर मला म्हणाले, ‘सर प्रॉडक्शन सांभाळतात, मॅडम. त्यांना हलवलं तर लाइन थांबेल.’ मी म्हटलं, लाइनचं तुम्ही बघा. अर्जात तिनं त्यांची बदली मागितली आहे, शिफारस तीच जाईल. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी पुढच्या सोमवारपासून ते दुसऱ्या युनिटला जाऊ लागले. साक्षी अजून सुरूही झाल्या नव्हत्या.