बाहुलीचा अपराध : भयपट, संग्राहक आणि रसविघ्नाचा प्रश्न

बाहुल्यांचा संग्रह करणाऱ्यांना बाहुल्यांवरील भयपटांविषयी काय वाटते, हा प्रश्न वरकरणी साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. मानसशास्त्राने फार तर त्याची दखल घ्यावी, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या तळाशी असलेली शंका समीक्षेची जुनीच शंका आहे. कलाकृती लौकिकातील एखादी वस्तू विभाव म्हणून उचलते, तिच्यावर एक भाव चढवते आणि प्रयोग संपल्यावर ती वस्तू पुन्हा लौकिकात येते. परत आलेली वस्तू तीच असते काय? नसेल, तर त्या बदलाचे उत्तरदायित्व कोणाचे?

संग्राहकांच्या प्रतिक्रिया एकजिनसी नाहीत. काहींना या चित्रपटांची गंमत वाटते. जुन्या जर्मन बाहुलीच्या शेजारी चकीची प्रतिकृती मांडणारेही आहेत. काही जण असे चित्रपट पाहण्याचेच टाळतात. मात्र ज्यांना राग येतो त्यांच्या रागाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. भीती वाटली म्हणून ते रागावत नाहीत. आपल्याला कधीच न वाटलेली भीती इतरांनी आपल्या घरात आणून ठेवली, म्हणून ते रागावतात. पाहुणा कपाटासमोर उभा राहतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘रात्री यांची भीती नाही वाटत?’ नाणी किंवा टपालतिकिटे जमवणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

संग्राहकाला बाहुली कशी दिसते हे पाहिल्याशिवाय हा राग समजणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बिस्क बाहुली घ्यावी. बिस्क म्हणजे झिलई न चढवता भाजलेले पोर्सेलीन. त्याचा पोत मानवी त्वचेच्या जवळ जातो, आणि म्हणूनच फ्रान्समधील झ्यूमो किंवा जर्मनीतील सिमॉन आणि हाल्बिग, आर्मांड मार्सेय यांसारख्या कारखान्यांनी ते वापरले. जाणकार संग्राहक अशी बाहुली हाती आली की प्रथम तिची मान उलटून साच्याचा क्रमांक आणि कारखान्याची खूण वाचतो. मग डोक्याच्या आत दिवा धरून केसाएवढी तड गेली आहे काय, हे पाहतो. काचेचे डोळे मिटतात ते आतल्या वजनामुळे. ते बसवलेले प्लॅस्टर कालांतराने सुटते, डोळे अडकतात, एखादा अर्धवट मिटलेला राहतो. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून केलेल्या बाहुल्यांचा रंग दमट हवेने भेगाळतो. संग्राहकाच्या दृष्टीने या सर्व गोष्टी म्हणजे वय होय. त्या बाहुलीने काढलेल्या वर्षांची ती नोंद असते.

भयपट नेमक्या याच खुणा उचलतो. गालावरची तड, अडकलेली पापणी, विरळ झालेले केस, पिवळा पडलेला झगा ही पडद्यावर दुष्टतेची लक्षणे ठरतात. एकच चिन्ह एकाला जीर्णोद्धाराची हाक वाटते आणि दुसऱ्याला पापाची कबुली. येथे संग्राहकाची तक्रार केवळ आवडीनिवडीची राहत नाही. वार्धक्य आणि जखम यांना दुष्टतेचा चेहरा देण्याची ही सवय बाहुल्यांपुरतीच मर्यादित आहे काय, असे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

रससिद्धान्ताचा अभ्यासक यावर तत्परतेने उत्तर देईल. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’ हे आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेला प्रेक्षक साधारणीकरणाच्या पातळीवर पोहोचत नाही. संग्राहकाला पडद्यावर सर्वसामान्य बाहुली दिसतच नाही. आपल्या कपाटातील दिसते. तेव्हा तो सहृदय नव्हे आणि त्याची तक्रार ही कलेविरुद्धची तक्रारच नव्हे. वर्गात हे विघ्न शिकवताना आपण साधारणपणे येथेच थांबतो. मीही अनेकदा थांबलो आहे, कारण तासही तेवढ्यातच संपतो.

परंतु हे उत्तर पुरेसे नाही. संग्राहकाच्या मनात जे आड येते ते निव्वळ वैयक्तिक सुखदुःख नाही, ते ज्ञानही आहे. त्याला त्या वस्तूविषयी इतर प्रेक्षकांपेक्षा अधिक माहीत आहे. सहृदयतेसाठी प्रेक्षकाने आपले दुःख बाजूला ठेवावे हे मान्य करता येईल. पण त्याने आपले ज्ञानही बाजूला ठेवावे, ही अपेक्षा निराळी आहे. अज्ञानावर उभे राहणारे साधारणीकरण हे साधारणीकरण की केवळ रूढ ग्रहाची पुनरुक्ती, असा प्रश्न मग टाळता येत नाही. दुसरे असे की, रसविचार प्रयोगाच्या काळाचा विचार बारकाईने करतो, प्रयोगानंतरच्या काळाचा तितका करीत नाही. आस्वाद संपतो, संस्कार मात्र मागे राहतो. तो संस्कार घेऊनच पाहुणा त्या कपाटासमोर उभा राहिलेला असतो.

आता आरोपाकडेच पाहू. या चित्रपटांतील कथानके तपासली तर एक विलक्षण गोष्ट आढळते: त्यांतील बऱ्याच ठिकाणी बाहुली अपराधी नसतेच. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मरणोन्मुख खुनी चार्ल्स ली रे आपला आत्मा बाहुलीत घालतो. खून माणसाचे, द्वेष माणसाचा. बाहुलीचे फक्त शरीर. कथेच्या स्वतःच्याच तर्कानुसार पाहिले तर तीच पहिली बळी आहे.

‘अ‍ॅनाबेल’चे उदाहरण याहून बोलके आहे. वॉरेन दाम्पत्याने कनेटिकट राज्यातील मन्रो येथे काचेच्या पेटीत ठेवलेली, शापित म्हणून प्रसिद्ध झालेली बाहुली प्रत्यक्षात रॅगेडी अ‍ॅन ही कापडी बाहुली होती: लोकरीचे लाल केस, त्रिकोणी नाक, शिवलेले हसू. जॉनी ग्रुएल या चित्रकाराने १९१५ मध्ये तिच्या आराखड्याचे पेटंट घेतले आणि १९१८ पासून तिच्या गोष्टी प्रसिद्ध केल्या. २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये आणि पुढे २०१४ च्या ‘अ‍ॅनाबेल’मध्ये मात्र पडद्यावर आली ती टणक, रंगवलेल्या चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची जुन्या वळणाची बाहुली. वॉरेन यांच्या कथेवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्या कथेतील आरोप एका बाहुलीवर होता आणि चेहरा दुसरीचा दाखवला गेला. जिचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, ती जात त्यामुळे संशयित ठरली. संग्राहक जेव्हा ‘ही बदनामी आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा शब्द अगदीच अतिशयोक्त नसतो.

अर्थात, निर्जीव वस्तूची बदनामी होऊ शकते काय? नीतिशास्त्राच्या प्रचलित चौकटीत याचे उत्तर नकारार्थी आहे. ज्याला दुखापत होत नाही, त्याच्यावर अन्यायही होत नाही. संग्राहकाची येथे कोंडी होते. बाहुलीचा बचाव करताना तो म्हणतो, ‘ती फक्त वस्तू आहे, ती काय करणार?’ आणि कपाट आवरताना तो तिला नाव घेऊन हाक मारतो, तिचा चेहरा भिंतीकडे होऊ देत नाही. भयपट त्याच्या या दुसऱ्या वागण्याला अक्षरशः खरे मानतो. या अर्थी भयपट आणि संग्राहक हे एकाच श्रद्धेचे दोन वारस आहेत आणि त्यांच्यातील भांडण भाऊबंदकीचे आहे.

फ्रॉइडने १९१९ च्या ‘दास उनहाइमलिष’ या निबंधात याचे सूत्र दिले आहे, पण ते बहुधा दुर्लक्षिले जाते. एर्न्स्ट येंटशने १९०६ मध्ये असे मांडले होते की, वस्तू सजीव की निर्जीव या संशयातून अशी अस्वस्थता उपजते. आणि त्याचा रोख हॉफमनच्या ‘सँडमॅन’ कथेतील ऑलिंपिया या यंत्रबाहुलीकडे होता. फ्रॉइडला हे पुरेसे वाटत नाही. तो म्हणतो की, बाहुली जिवंत होण्याची मुलांना भीती वाटत नाही. उलट ती त्यांची इच्छा असते. म्हणजे भय मूळचे नाही, इच्छा मूळची आहे. मोठेपणी ती इच्छा लाजिरवाणी ठरते आणि भय होऊन परतते, असे हे सूत्र पुढे नेता येईल. संग्राहक ही ती व्यक्ती होय, जिने ती इच्छा पुरती सोडलेली नाही आणि तिची लाजही बाळगलेली नाही. (आपल्या भाषेत डोळ्यातल्या काळ्या बिंदूलाही बाहुलीच म्हणतात, लॅटिन ‘पुपिल्ला’चे दोन्ही अर्थ हेच. समोरच्याच्या डोळ्यात आपलीच लहान प्रतिमा दिसते, यावरून हे नाव पडले. भयपटाने यावर फारसा विचार केलेला दिसत नाही.)

मला या चर्चेत खरा अन्याय दिसतो तो येथे. बाहुलीला दुखापत होत नाही हे खरे, पण बाहुलीवर माया करणाऱ्या माणसाला होते. २००७ च्या ‘डेड सायलेन्स’मधील मेरी शॉ ही शब्दभ्रमकार निपुत्रिक आहे, मुले नाहीत, बाहुल्या आहेत, एवढ्या वाक्यात तिचे विकृतपण सिद्ध झाल्याचे मानले जाते. २०१७ च्या ‘अ‍ॅनाबेल: क्रिएशन’मध्ये बाहुल्या घडविणाऱ्या जोडप्याची मुलगी अपघातात गेलेली आहे आणि त्यांच्या शोकातूनच अरिष्टाला वाट मिळते. प्रौढ वयात, विशेषतः स्त्रीने, बाहुली जवळ ठेवणे म्हणजे काहीतरी बिघडलेले असणे, हे समीकरण या चित्रपटांनी निर्माण केले असे नव्हे. ते समाजात होतेच. त्यांनी त्याला दृश्य पुरावा दिला. ‘रात्री भीती नाही वाटत?’ या प्रश्नात ‘तुम्ही ठीक आहात ना?’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि संग्राहकाला तो ऐकू येतो. टोकियोतील उएनो येथील कियोमिझु कान्नोन मंदिरात जुन्या बाहुल्यांना मंत्रपठण करून निरोप देण्याचा विधी दरवर्षी होतो. तेथे बाहुली आणणाऱ्याला असे विचारले जात नसावे. तिच्याशी काही देणेघेणे उरते, हे तेथे गृहीतच धरलेले आहे.

मराठी प्रेक्षकाला हा पेच एका वेगळ्या रूपात परिचित आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्ये यांनी घडवली, यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेल्या अर्धवटरावांना बोलते ठेवणारेही तेच. तात्या विंचूमुळे अर्धवटराव संशयित झाले नाहीत. याचे एक कारण चित्रपटातील विनोद हे आहे. पण दुसरे, मला अधिक महत्त्वाचे वाटणारे, हे की आपल्या प्रेक्षकाला बाहुलीमागचा हात आणि आवाज ठाऊक होता. विभाव उसना घेतला होता, तो कोणाकडून हेही माहीत होते.

म्हणून असे चित्रपट काढू नयेत, असा निष्कर्ष मी काढीत नाही. भयानक रसाला त्याची सामग्री कोठून तरी घ्यावी लागणारच. पीटर बेंचली या लेखकाने ‘जॉज’ने शार्क माशांविषयी निर्माण केलेल्या समजाची खंत पुढे व्यक्त केली आणि त्यांच्या रक्षणासाठी काम केले, पण शार्क मारले जातात, बाहुल्या फार तर माळ्यावर जातात. अपेक्षा एवढीच करता येईल की, कृतीने आपल्या विभावाला काही बोलू द्यावे. १९६३ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘लिव्हिंग डॉल’ या भागाने ते केले होते. त्यातील टॉकी टीनाला आवाज जून फोरे यांचा होता, आणि त्याच काळात बाजारात असलेल्या मॅटेलच्या चॅटी कॅथी या बोलक्या बाहुलीलाही त्यांचाच. म्हणजे ज्या आवाजाने घराघरांतील मुली आपली बाहुली ओळखत होत्या, तोच आवाज पडद्यावर धमकी देत होता. पण टीनामध्ये कोणा खुन्याचा आत्मा नाही. ती क्रिस्टी या मुलीची आहे, आणि तिचे वैर आहे ते त्या मुलीला सतत दुखावणाऱ्या सावत्र बापाशी. तो तिला शेगड्यात आवळतो, जाळू पाहतो, कापू पाहतो; तिला काही होत नाही. शेवटी जिन्यावर तिला अडखळून तो पडतो आणि मरतो. क्रिस्टीची आई बाहुली उचलते. टीना डोळे उघडते आणि तिलाही बजावते की, माझ्याशी नीट वागलेले बरे. या वेळी आईने काय उत्तर द्यायचे, हे त्या भागाने सांगितलेले नाही.