कान तुटलेला कप

फुकट ते पौष्टिक, हे तत्त्व मी आयुष्यभर श्रद्धेने पाळत आलो आहे. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे दर दिवाळीला आठ-दहा डायऱ्या फुकट मिळत. त्यातली एकही मी दोन जानेवारीच्या पुढे लिहिली नाही, पण नाही कधी म्हटले नाही. निवृत्त झालो आणि डायऱ्या आटल्या. अशा कोरड्या दिवसांत भाच्याने बातमी आणली की अमेरिकेतली बडी विद्यापीठे आपली व्याख्याने इंटरनेटवर फुकट ठेवतात.

माझा विश्वास बसेना. ज्या देशात पोराला कॉलेजात घालायचे तर बाप कर्ज काढतो, तो देश मला का म्हणून फुकट शिकवील? पण खरे निघाले. एमआयटीने २००१ साली तशी घोषणा केली होती आणि येलने २००७ साली आपल्या वर्गांचे दरवाजेच उघडून टाकले होते. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. जन्मभर मी अशाच कॉलेजच्या शोधात होतो. सापडले ते गुडघे गेल्यावर.

मी इतिहास घेतला. जोअ‍ॅन फ्रीमन बाईंचे अमेरिकन क्रांतीवरचे २५ तास संपवले आणि डेव्हिड ब्लाइट यांच्या यादवी युद्धावरच्या २७ तासांना बसलो. पहिल्या दिवशी प्राध्यापक बोलू लागले आणि मी गंजिफ्रॉकवर बसलो आहे हे ध्यानात येऊन उठलो, शर्ट घालून आलो. या शिक्षणाचा मोठा फायदा म्हणजे मास्तर थांबवता येतात. आयुष्यात मी 'थांबा' म्हटल्यावर जो थांबला, असा हा पहिलाच माणूस. सौ.ही आता सरावली आहे. "अहो, तुमच्या मास्तरांना जरा उभं करा आणि गॅस बंद करा," असे ती स्वयंपाकघरातून सांगते.

सगळे सुरळीत चालले होते. गडबड केली जेफरसनने.

सर्व माणसे समान जन्मतात, असे १७७६ साली लिहिणारा हा गृहस्थ. हे लिहिताना फिलाडेल्फियात त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा पोरगा होता. तो गुलाम होता. जेफरसनने जन्मभरात मिळून सहाशेच्या वर माणसे बाळगली. १८२६ च्या ४ जुलैला, म्हणजे जाहीरनाम्याला बरोब्बर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो डोक्यावर कर्ज ठेवून वारला आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या घरची १३० माणसे लिलावात निघाली. मी बँकवाला. कर्जापोटी ट्रक ओढून आणलेले पाहिले आहेत, पिठाची गिरणी पाहिली आहे. आई इकडे आणि पोर तिकडे, अशी वसुली ऐकून मला तो घास गिळेना.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर मी जेफरसनला चांगला सोलून काढला. आमच्या बाकावर एक निवृत्त हेडमास्तर बसतात. ते म्हणाले, "अहो, काळच तसा होता. आजच्या मापाने काल मोजू नये." ऐकायला हे बरे वाटते. पण गंमत अशी की जेफरसनला कळत होते! गुलामगिरी वाईट आहे हे त्यानेच लिहून ठेवले आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर त्याने एक जळजळीत परिच्छेद घातला होता, तो काँग्रेसने गाळला. न कळणाऱ्याला काळाची सबब चालेल. कळून सवरून ज्याच्याने सोडवत नाही त्याने ती कुठून आणायची? हेडमास्तर गप्प झाले. मी जिंकून घरी आलो. चालताना थोडी छातीही पुढे होती.

आपला काय संबंध, ही दुसरी सबबही उरली नव्हती. त्या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि १८६१ ते १८६५ आपली मुंबई कापसावर न्हाऊन निघाली. लीने शरणागती लिहून दिली तशी मुंबईतले कैक शेठ रस्त्यावर आले. राजाबाई टॉवरखालून मी वीस वर्षे घड्याळ लावत गेलो. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंदांचा पैसाही याच कापसाचा.

जेवताना सौ.ला हे सगळे ऐकवले. तिने ताकाचे भांडे पुढे सरकवले आणि म्हणाली, "आणि आपल्या मावशींचा कप?"

आमच्याकडे भांडी-धुणे करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, निळा, गॅलरीच्या कट्ट्यावर पालथा. आईच्या वेळेपासून तो तिथेच आहे. माणसे बदलली, कप तोच.

"मग तू का नाही बदललास?" मी म्हणालो.

"मी चहा करते. ओतता तुम्ही."

हे खरे होते. आणखी एक खरे होते, ते ती बोलली नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली काढली आणि ती अमेरिकेतल्या गुलाम सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याआधी १८६८ मध्येच त्यांनी आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला होता. हे मला कळत नव्हते असे नाही. बँकेत फुले जयंतीला याच विषयावर मी भाषण केले होते. टाळ्या पडल्या होत्या. त्या दिवशीही मावशींनी चहा कट्ट्यावरच्या कपातूनच घेतला असणार.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांचा फुलाफुलांचा कप काढला, बशी काढली आणि मावशींच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला.

"माजा कप फुटला व्हय?"

"नाही. यातून घ्या."

"ह्यात काय मावतंय सायेब? दोन घोट. त्यो माजा मोठा हाय."

मी एकदम हलका झालो. म्हणजे मावशींची तक्रार नव्हतीच! उलट चहा जास्त मिळत होता! सौ.कडे मी विजयी नजर टाकणार, तोच आठवले की आमची माणसे आमच्याकडे सुखात आहेत, हे त्या दक्षिणेकडच्या मळेवाल्यांचे सगळ्यात आवडते वाक्य. ब्लाइटसाहेबांना थांबवून मी ते वहीत उतरवून घेतले होते. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मग जरा घसा साफ करून विचारले, "मावशी, कप वेगळा ठेवला, त्याचा कधी राग आला का हो?"

मावशींनी चहा बशीत ओतला. "आत्ता इचारताय व्हय?" त्या म्हणाल्या. "अकरा वरसं झाली की."

रागाने म्हणाल्या की सहज, हे मला कळले नाही. बशी संपवली, कप विसळला, पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो कुठं ठिवू?"

सौ. माझ्याकडे बघत होती. टेबलावर येलचे मास्तर तोंड अर्धे उघडून थांबले होते. माझे २७ पैकी १९ तास झाले होते.