रिमोट आपल्याच हातात

रात्री जेवणं आटोपली की घर टीव्हीसमोर बसतं. मालिकेत सून सासूविरुद्ध कट रचते, संगीत दणाणतं, एकच चेहरा तीनदा दिसतो. आजी वैतागते, ‘अशी घरं असतात का?’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच मालिका पुन्हा लागते.

मालिका किती पाहिली जाते, हे निवडक घरांतल्या मीटरवरून मोजतात. त्या मीटरला आपला वैताग ऐकू येत नाही. टीव्हीवर काय चालू होतं आणि ते कोण पाहत होतं, एवढंच त्याला कळतं. रागानं पाहिलेला भागही मोजणीत पाहिलेलाच ठरतो.

चांगलं आपल्याकडे घडतच नाही, असं नाही. २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’ या मराठी चित्रपटात दृष्टी गमावणारा नातू आणि त्याचे आजोबा होते. ना कारस्थान, ना भडकपणा. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि लोकांनीही तो मनापासून पाहिला.

शिळं अन्न आपण मुलांच्या ताटात वाढत नाही. मग मनाला का वाढावं? आज जे रुचणार नाही ते बंद करा, आणि जे आवडेल ते चार जणांना आवर्जून सांगा.