मिसळ आणि भेसळ

'मिसळ' आणि 'भेसळ' हे दोन शब्द कानाला जवळजवळ जुळे वाटतात. पण पहिला ऐकताच तोंडाला पाणी सुटते आणि दुसरा ऐकताच कपाळाला आठी पडते. दोन्हीकडे घडते ते एकच, एका वस्तूत दुसरी मिसळते. मग एकीला आपण चवीने खातो आणि दुसरीला कायद्याने शिक्षा ठरवतो, ती कोणत्या न्यायाने?

आम्हा सीमेवरच्या माणसांना हा प्रश्न नुसता शब्दकोशातला नाही. देगलूर-बिलोलीकडचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, तेव्हा त्याचा तेलुगू हेल ऐकून सोबती हसतात. भालकी-बिदरच्या मुलीला तिच्या बोलण्यातल्या कानडी वळणावरून हटकले जाते. 'तुमची मराठी भेसळीची,' हे वाक्य दोन-चारदा कानावर पडले की ही मुले हळूहळू गप्प होतात. बोलणाऱ्या मुलाची चूक मास्तराला सुधारता येते. गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलते करणे फार कठीण.

या प्रश्नाची उकल मला व्याकरणात नव्हे, जेवणाच्या ताटात सापडली, आणि तीही हैदराबादेत. रमजानचा महिना होता. चारमिनारजवळच्या एका हॉटेलात मी, माझा भाचा आणि माझे एक जुने स्नेही, निवृत्त प्राध्यापक, असे तिघे बसलो होतो. भाचा नोकरीनिमित्त दोन वर्षे शिकागोला राहून आलेला. तो म्हणाला, "मामा, तिकडे एक हॉटेल आहे. नवरा फिलिपिनो, बायको क्युबन. दोन्हीकडचे पदार्थ एकाच ताटात! नाव 'बायान को', म्हणजे 'माझा देश'."

प्राध्यापकांनी मान हलवली. "कुठे फिलिपाइन्स, कुठे क्युबा! ही भेसळ झाली. खायचे तर अस्सल खावे. हे पाहा हलीम. अस्सल हैदराबादी!"

मी मांसाहार करीत नाही. माझ्यापुढे बगारे बैंगन होते, म्हणून मला विचार करायला सवड मिळाली. हलीमचे मूळ अरबांच्या 'हरीस'मध्ये. हरीस म्हणजे गहू आणि मांस एकत्र शिजवून घोटलेला साधा पदार्थ. येमेनकडचे हद्रमी अरब निजामाच्या फौजेत आले. त्यांची वस्ती जिथे झाली त्या बॅरॅक्सचे 'बारकस' झाले. त्यांचेच भाईबंद 'चाऊस' म्हणून आमच्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. हैदराबादेत त्या हरीसमध्ये डाळी आल्या, मसाले आले, तूप आले आणि हलीम झाले. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे प्राध्यापक ज्याला अस्सल म्हणत होते, ती कालची मिसळच होती. फक्त तिला मुरायला वेळ मिळाला होता.

माझे बगारे बैंगनही काही वेगळे नव्हते. आमच्या भरल्या वांग्याची ती सख्खी बहीण. वांगे इथले, तीळ इथले. पण शेंगदाणा आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेली. मिरचीशिवाय हैदराबादी सालन आणि शेंगदाण्याशिवाय मराठवाड्याचा स्वयंपाक आज कल्पनेतही येत नाही.

आणि फिलिपाइन्स-क्युबा तरी एकमेकांना इतके परके कुठे? दोन्ही देश १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मनिलाहून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरापर्यंत ये-जा करीत होती. अंडी-दुधाचे 'फ्लान' आजही दोन्ही घरी सणाला होते. क्युबा आणि आसपासच्या बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेत रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज तोंडातून फिरत आपल्याकडे आला आणि एकादशीच्या फराळाला बसला.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. या सरमिसळी काही प्रेमाने झालेल्या नाहीत. क्युबातला ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकला. तिथली गुलामगिरी १८८६ साली संपली. फिलिपिनो लोक पूर्वीपासून शिरक्यात मांस शिजवीत. राज्यकर्त्यांनी त्याला आपल्या भाषेतले 'अडोबो' हे नाव दिले. आमच्या हैदराबाद संस्थानातही प्रजा बहुसंख्येने तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी, पण राजभाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. भाषा वरून लादली गेली की काय होते, हे आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे. तेव्हा प्रत्येक सरमिसळ चांगली, असे भाबडेपणाने म्हणता येणार नाही.

मग पारख कशी करावी? मला दोन कसोट्या दिसतात. पहिली प्रामाणिकपणाची. मिरीत पपईच्या बिया घालणारा दुकानदार पपईचे नाव घेत नाही. त्याचा सारा धंदाच ते लपवण्यावर चालतो. शिकागोच्या हॉटेलवाल्याने मात्र दोन्ही देशांची नावे सांगूनच ताट वाढले. मिसळ आपले घटक सांगते, भेसळ ते लपवते. दुसरी कसोटी स्वातंत्र्याची. त्या संध्याकाळी एकाच टेबलावर हलीमही होते आणि बगारे बैंगनही. कोणी कोणाला आग्रहाने बाटवले नाही, की कोणी नाक मुरडले नाही. जिथे 'नको' म्हणण्याची मुभा आहे, तिथलेच 'हवे' खरे असते.

आता या कसोट्या आपल्या बोलीला लावून पाहू. अक्का, अण्णा हे शब्द दक्षिणेकडून आले आणि मराठी घराघरांत वडीलकीच्या मानाने बसले. त्यांना कोणी भेसळ म्हणत नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले, पण आमच्या घरातली आजीची तेलुगू आणि आईची मराठी त्या रेषेने वेगळी झाली नाही. दोन्ही भाषा आम्ही जाणून, समजून बोलू, तर ती मिसळ होय. मात्र दोन्ही अर्धवट शिकू आणि एकीचे अज्ञान दुसरीखाली झाकू, तर तिला भेसळ म्हणणाऱ्याला दोष देता येणार नाही. प्रामाणिकपणाची कसोटी आपल्यालाही चुकत नाही.

आणि म्हणूनच एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. पुण्याच्या वसतिगृहात आजीचा फोन आला आणि सोबती ऐकतील म्हणून मुलगा बाहेर जाऊन हळू आवाजात तेलुगू बोलू लागला, तर त्याच्या जिभेवरची भाषा शुद्ध राहिली असेल, पण भेसळ तिथेच झाली. त्याने खोलीतच बसावे, आणि आजीशी मोठ्याने बोलावे.